नवा खुबा, पायाची लांबी आणि कॉम्प्युटर

साठ-सत्तरच्या दशकात या देशात आलेली आपली मंडळी आता खुबा बदलण्याच्या वयाची झाली आहेत. कार्यक्रमानंतरच्या चहापानात एक प्रश्न हमखास निघतो: "ऑपरेशननंतर पाय लांब-आखूड होतो म्हणे. कॉम्प्युटरवाले हॉस्पिटल बघावे का?" आम्ही डॉक्टर खरे, पण रसायनशास्त्राचे. तरी मोजमाप हा आमचा रोजचा धंदा, म्हणून थोडे लिहितो.

आजच्या या ऑपरेशनचे माहेर लँकेशरमधले राइटिंग्टन हॉस्पिटल. जॉन चार्नली यांनी तिथे आधी टेफ्लॉनची वाटी बसवून पाहिली. ती भराभर झिजली. (टेफ्लॉन तव्यालाच बरे!) नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिइथिलीन वापरले आणि ते टिकले. लांबीचा प्रश्न मात्र सर्जनच्या नजरेवर आणि हातावरच राहिला. धातूची दांडी मांडीच्या हाडात जरा वर राहिली की पाय लांब, खोल गेली की आखूड. रुग्ण बहुधा कुशीवर, अंगावर चादरी. कमरेचे हाड थोडे कलले तरी अंदाज चुकतो.

कॉम्प्युटर पद्धतीत कमरेच्या हाडात पिना बसवून त्यावर चकाकत्या गोळ्या लावतात, मांडीच्या हाडावरही खूण ठेवतात. इन्फ्रारेड कॅमेरा त्यांची जागा टिपतो आणि लांबी किती मिलिमीटरने बदलली ते पडद्यावर येते. हे आकडे नंतरच्या एक्स-रेशी सहसा काही मिलिमीटरच्या आत जुळतात. मोठ्या चुकाही कमी होतात.

पण यंत्र फक्त बदल मोजते. काटा साखर किती घातली ते सांगतो, शिऱ्याला किती हवी ते नाही! किती बदल हवा हे सर्जन आधीच्या एक्स-रेवरून ठरवतो. एक्स-रेतले चित्र मूळ हाडापेक्षा मोठे येते, म्हणून माहीत मापाची धातूची गोळी शेजारी ठेवून प्रमाण काढतात. ती गोळी चुकीच्या जागी असेल, तर कॉम्प्युटर चुकीचा आकडा अगदी अचूक गाठून देईल. शिवाय स्नायू सैल राहिले तर सांधा निखळतो, म्हणून सर्जन कधी जाणूनबुजून किंचित लांबी देतो. सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना जाणवतही नाही. कॉम्प्युटरमुळे पुढे चालणे-फिरणे ठळकपणे सुधारते, असे अजून दिसलेले नाही. उलट पिनांचा थोडा धोका आणि वेळ वाढतो. तेव्हा केवळ यंत्रासाठी हॉस्पिटल बदलू नये, असे आमचे मत.

आणखी एक. एक्स-रेत पाय सारखे असूनही सुरुवातीला नवा पाय लांब वाटू शकतो, कारण आखडलेले स्नायू कमर तिरकी धरतात. व्यायामाने हे बहुधा काही महिन्यांत सुटते. फिजिओला न विचारता दुसऱ्या बुटात टाच घालू नका.

कन्सल्टंटला आधीच विचारा: आज कोणता पाय किती आखूड आहे, तुम्ही किती बदलणार, वर्षाला किती खुबे करता? पाठ ताठ असेल तर सांगा. पूजेला मांडी घालून बसतो हेही सांगा. त्यांना ते कसे कळणार? संमतीपत्रात पायाच्या लांबीतील फरकाचा उल्लेख असतो. सही करण्याआधी तेवढा भाग आई-वडिलांना मराठीत नीट समजावून द्या.