रोटोडाइन : यंत्र भंगारात, साचा शाबूत

फेअरी रोटोडाइन हे यंत्र जगात एकच बनलं आणि तेही आज धड शिल्लक नाही. प्लॅस्टिकची रोटोडाइनं मात्र देशोदेशीच्या हौशी लोकांच्या कपाटांवर उभी आहेत. एअरफिक्स या इंग्रज कंपनीनं १:७२ या प्रमाणातलं त्याचं किट १९५९ साली बाजारात आणलं. तेव्हा खरं यंत्र उडत होतं, वर्तमानपत्रांत गाजत होतं आणि पुढची हवाई वाहतूक अशीच होणार असं भलेभले मानत होते. किट निघालं ते या भरवशावर. म्हणून ते साधं खेळणं राहिलेलं नाही. त्या काळाच्या अपेक्षांचा तो चक्क पुरावा आहे.

मुळात हे यंत्र अर्धं हेलिकॉप्टर आणि अर्धं विमान. डोक्यावर २७.४ मीटर व्यासाचा चार पात्यांचा रोटर, बाजूला आखूड पंख आणि पंखांवर नेपिअर ईलँड जातीची दोन टर्बोप्रॉप इंजिनं. साध्या हेलिकॉप्टरात इंजिन रोटरचा दांडा फिरवतं, त्यामुळे धड उलट्या दिशेला गरगरायला बघतं आणि ते आवरायला शेपटीवर छोटा पंखा लागतो. रोटोडाइनला तो लागतच नव्हता. इंजिनांच्या जोरावर दाबलेली हवा पोकळ पात्यांतून थेट टोकांपर्यंत जाई, तिथे तिच्यात इंधन जळे आणि पाती स्वतःच स्वतःला ढकलत. यंत्र सरळ वर उठे. पुरेसा वेग आला की टोकांवरचा जाळ बंद करायचा. मग पुढे ओढायचं काम पंखांवरचे प्रॉपेलर करत, रोटर वाऱ्यावर आपसूक फिरत राही आणि वजनाचा बराच वाटा पंख उचलत.

६ नोव्हेंबर १९५७ रोजी इंग्लंडातल्या व्हाइट वॉल्थमच्या धावपट्टीवरून ते पहिल्यांदा उठलं. उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात जाण्याची खरी परीक्षा एप्रिल १९५८ मध्ये पार पडली. ५ जानेवारी १९५९ रोजी त्यानं १०० किलोमीटरच्या बंद फेरीत ताशी ३०७ किलोमीटरचा विक्रम केला. चाळीस उतारू घेऊन शहराच्या मध्यावरून उठायचं आणि दुसऱ्या शहराच्या मध्यावर उतरायचं, असा एकंदर बेत. ब्रिटिश युरोपियन एअरवेजनं आणि न्यूयॉर्क एअरवेजनं विकत घेण्याची इच्छा कळवली होती. करार कोणी केला नाही.

घोडं अडलं ते आवाजापाशी. पात्यांच्या टोकांवर जळणाऱ्या त्या जेटचा आवाज वस्तीच्या मध्यावर कोण ऐकून घेणार? सायलेन्सरचे नाना प्रकार करून पाहिले, आवाज कमीही झाला. पण तोवर सरकारच्या दबावाखाली ब्रिटनमधल्या विमान कंपन्यांची जुळवाजुळव सुरू झाली होती आणि १९६० साली फेअरीचा विमान विभाग वेस्टलँडकडे गेला. (१९८० च्या दशकात आपल्या पवन हंसनं घेतलेली आणि काही वर्षांतच जमिनीला खिळलेली २१ हेलिकॉप्टरं याच वेस्टलँडची.) मोठ्या आवृत्तीसाठी रोल्स-रॉइसची टाइन इंजिनं हवी होती, खर्च फुगत होता आणि ग्राहक चाचरत होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रकल्प गुंडाळला. एक्सई ५२१ क्रमांकाचं ते एकमेव यंत्र तोडण्यात आलं. उरलेसुरले तुकडे वेस्टन-सुपर-मेअरच्या हेलिकॉप्टर संग्रहालयात आहेत. आवाजाचं कारण खरं असलं, तरी मला ते निम्मंच वाटतं. आवाज आणखी कमी करता आला असता. पदरचे पैसे घालून थांबायची तयारी कोणाची नव्हती.

आता किटकडे वळू. जोडून झाल्यावर लांबी सुमारे २५ सेंटिमीटर भरते, पण रोटरचा व्यास ३८ सेंटिमीटर. कपाटात जागा शोधताना पहिली अडचण होते ती इथे. दुसरी अडचण रिव्हेटांची. त्या काळच्या साच्यांना पृष्ठभागावर उठावदार रिव्हेट पेरण्याची भारी हौस. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका १:७२ च्या हिशेबानं खऱ्या यंत्रावर साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे लहानशा लिंबाएवढा होतो! काटेकोर मंडळी ते सगळे सँडपेपरनं घासून टाकतात. मी म्हणेन, थोडे घासा, पण सगळे नको. १९५९ सालच्या साचा घडवणाऱ्याचा हात त्यांतच दिसतो.

पाती सरळसोट येतात. खरी पाती थांबलेली असताना स्वतःच्या वजनानं खाली झुकत, म्हणून प्लॅस्टिकचं पातं गरम पाण्यात धरून हलकेच वाकवावं लागतं आणि चारही पात्यांचा बाक सारखा यावा लागतो. खिडक्यांच्या काचा धडाचे दोन अर्धे जोडण्याआधी आतून बसवायच्या. डिंक जरा जास्त झाला तर काच धुरकटलीच म्हणून समजा, कारण हा डिंक प्लॅस्टिक विरघळवूनच चिकटतो. शेपटीचंही आधी ठरवून घ्यावं : सुरुवातीला तिच्यावर दोन उभे पंख होते, मधला तिसरा नंतर आला. कोणत्या सालचं यंत्र करायचं ते फोटो बघून ठरवा आणि मगच डिंकाची बाटली उघडा.

हल्ली नवं किट काढताना संग्रहालयातलं मूळ विमान लेसरनं मोजता येतं. रोटोडाइनचं तसं मोजायला अख्खं यंत्रच नाही. त्यामुळे नव्यानं किट काढायचं म्हटलं तरी आराखडे आणि छायाचित्रं यांवरच भिस्त. तोवर जुना साचाच मुख्य आधार. त्याचं नशीबही चिवट. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासितानं १९३९ साली काढलेली एअरफिक्स १९८१ साली बुडाली, पुढे हम्ब्रोलकडे गेली आणि २००६ साली हॉर्नबीनं ती घेतली. इतके मालक बदलूनही रोटोडाइनचं किट अधूनमधून नव्या खोक्यात येतच राहिलं. हॉर्नबीच्या काळात एअरफिक्सच्या कितीतरी खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापून आलं, हे आपल्याकडच्या किटवाल्यांना ठाऊक असतंच.

घ्यायचं असेल तर जुन्या खोक्यासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यातली डिकलं (यंत्रावर चिकटवायची चिन्हं) पिवळी पडलेली असतात आणि पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होतात. प्लॅस्टिक त्याच साच्यातलं असतं, तेव्हा एअरफिक्सच्या ‘व्हिंटेज क्लासिक्स’ मालिकेतलं अलीकडचं खोकं घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या रंगावर खर्च करा.