गिअर पडेना, म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

भंडारा जिल्ह्यात लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, १९८२ सालचा. ट्रक आणि बसचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तिथे तयार होतात. तिथल्याच महामार्गावर, म्हणजे आताच्या ५३ नंबरच्या रस्त्यावर, माझं गॅरेज आहे. माझ्याकडे येतात त्या मात्र जुन्या गाड्या. वर्षानुवर्षं धान वाहिलेल्या जीपा, पिकअप, एखादी कुणी जिवापाड जपलेली कार. गाडीवाला टेकीला आलेला असतो आणि उतरता उतरताच सांगतो, "भाऊ, गिअरच पडून नाही राहिला. बॉक्स गेला वाटते जी."

बॉक्स गेला हे मी कधीच आधी मान्य करत नाही. अचानक आलेला दोष पुष्कळदा गिअरच्या पेटीच्या बाहेर निघतो, आणि पेटी उतरवण्याची मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मागच्या हंगामात धानाची पोती भरलेली एक जुनी डिझेल जीप मोहघाट्याच्या जंगलात अडकली. चालत्या गाडीत चौथ्यातून तिसरा पडेना, जोर लावला तर करकर आवाज. कुणीतरी जागेवरच सांगून टाकलं की दात तुटले, पूर्ण बॉक्स करावा लागेल. मी गेलो, इंजीन बंद केलं आणि गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स, सगळे लोण्यासारखे पडले. इंजीन चालू केलं की पुन्हा तेच.

या एका तपासणीत अर्धं निदान होतं. इंजीन चालू असताना गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लचमधून सतत फिरत असतो. पेडल दाबल्यावर तो इंजीनपासून सुटला पाहिजे, तरच आतल्या पितळी रिंगा दोन चाकांचा वेग जुळवून गिअर बसवू शकतात. बंद इंजीनात गिअर पडतो आणि चालू इंजीनात पडत नाही, याचा अर्थ क्लच सुटत नाही. मग बॉनेट उघडून क्लचच्या ऑइलचा डबा बघायचा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने बेलहाउसिंगजवळचा फोर्क किती सरकतो ते बघायचं. त्या जीपच्या क्लचच्या खालच्या सिलिंडरमधला रबरी कप फाटला होता, ऑइल गळून गेलं होतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते वर्षानुवर्षं बदललं नाही की आत गंज धरतो आणि रबर कातरलं जातं. किट बदललं, हवा काढली, जीप धान घेऊन पुढे गेली.

कधी सिलिंडर ठणठणीत असतो, पण गाडी अख्खा पावसाळा गोठ्याशेजारी उभी राहिलेली असते. आपल्याकडच्या दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटून बसते. लक्षण तेच, कारण वेगळं.

इंजीन बंद असतानाही गिअर पडत नसेल, तर गिअरच्या दांड्याकडे बघा. दांडा सैल, इकडेतिकडे हेलकावणारा वाटला तर खालचा बुश झिजला असेल किंवा केबलची पिन निसटली असेल. हातभर खर्चाचं काम नाही ते. उलट दांडा न्यूट्रलला आहे, क्लच पूर्ण दाबला आहे, हँडब्रेक सोडला आहे, चाकं कुठे धरलेली नाहीत, तरी गाडी ढकलली जात नाही, तर एकाच वेळी दोन गिअर अडकले असण्याची दाट शक्यता आहे. तिथे मात्र पेटीचं वरचं झाकण उघडावंच लागतं.

तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो. गिअर पडतो, क्लच सोडला तरी इंजीन बंद पडत नाही आणि गाडी जागची हलत नाही. मागच्या चाकांनी ओढणाऱ्या जुन्या गाडीत अशा वेळी मी आधी स्पीडोमीटरचा काटा बघतो. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते. गाडी उभी आणि काटा हलतो आहे, म्हणजे बॉक्सने आपलं काम केलं. तुटलं ते पेटीच्या मागे, बहुधा मागचा एक्सल किंवा डिफरन्शियल. काटा हलत नसेल तर क्लच प्लेट किंवा पेटी. जळका वास आला तर प्लेट घसरते आहे. हे करताना गाडीखाली कुणीही जायचं नाही आणि चाकांना दगड लावायचेच, मग रस्ता कितीही सपाट दिसो.

आवाजही बोलतो. न्यूट्रलला इंजीन चालू असताना घरघर आहे आणि पेडल दाबताच ती थांबते, तर पेटीतलं बेअरिंग. दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग.

एवढं करूनही संशय पेटीवरच राहिला, तर खोलण्याआधी ऑइल काढून बघा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. लोखंडाचे तुकडे हाताला लागले तर दात किंवा बेअरिंग गेलं. सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांची. पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यातल्या माणसाला पितळ ओळखायला शिकवावं लागत नाही. रिंगांची ही झीज पुष्कळदा चुकीच्या ऑइलमुळे लवकर होते. जीएल-५ दर्जाच्या ऑइलमधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त तीव्र असतात आणि काही प्रकारांत ती पितळाला खातात. जुन्या सिंक्रोमेश पेटीला अनेक कंपन्या जीएल-४ सांगतात. दुकानदार देईल ते घेऊ नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते मागा.

ऑइल दुधाळ, चहासारखं निघालं तर आत पाणी आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इंजीनचं ऑइल लोकांनी बदललं, गिअरबॉक्सचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पेटीला श्वास घ्यायला वर एक छोटं भोक असतं. पेटी पाण्यात बुडाली की तिथून पाणी शिरतं. चालून तापलेली गाडी नाल्यात घातली तर आतली हवा आकसते आणि पाणी ओढूनच घेतलं जातं. मग बेअरिंग महिनोन्महिने गंजत राहतात आणि एक दिवस गाडी "अचानक" थांबते. तुमची गाडी त्या पुरात किंवा त्यानंतर कुठल्याही नाल्यात बुडाली असेल, तर आजच ड्रेन बोल्ट काढून बघा.

आणि खरोखरच बॉक्स गेला असेल, तर जुन्या बाजारातला दुसरा घेण्याआधी पुढचा शाफ्ट हाताने फिरवा. प्रत्येक गिअर टाकून मागचा शाफ्ट सलग फिरतो का ते पाहा, शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ तपासा, आणि विकणाऱ्याला त्यातलं ऑइल तुमच्यासमोर काढायला सांगा. काढायला तयार नसेल तर तो बॉक्स घेऊ नका.