लाल तेलाचा तोडगा

ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला की पुसेगावात दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "पंप खोल." दुसरा, "टाकीत लाल तेल टाक." पहिल्या सल्ल्यावर माझं घर चालतं. म्हणून दुसऱ्याविरुद्ध काही बोललो की लोक हसतात, मिस्त्रीच्या पोटावर पाय आला म्हणतात. तरी बोलतो.

हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या रथाचं पुसेगाव वेगळं, ते साताऱ्याकडचं. इकडं सोयाबीन, तूर, हळद, आणि नांगरटीपासून हळद पॉलिश करेपर्यंत सगळ्याला ट्रॅक्टर. लाल तेल खरं तर ॲटोमॅटिक गिअरचं, आणि तशी गाडी गावात शोधावी लागेल. मग त्या गिअरचं तेल इथल्या गॅरेजच्या फळीवर आलं कसं? पॉवर स्टेअरिंगमुळं. बऱ्याच ट्रॅक्टर-जीपांच्या स्टेअरिंगला हेच तेल लागतं. बाटलीवर 'एटीएफ' छापलेलं असतं, पण मागताना सगळे लाल तेलच म्हणतात.

या तेलाचं पहिलं मानक अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1949 मध्ये काढलं. लाल रंगाचा गुणाशी काही संबंध नाही. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा नाही, गिअरचा आहे, हे पटकन कळावं एवढ्यासाठी तो रंग. आत बहुतेक साधं पातळ तेलच असतं आणि थोडी रसायनं: घाण धरून ठेवणारी, झीज रोखणारी, फेस मोडणारी, रबरी सील सांभाळणारी. घाण आणि झीज हे दोन शब्द ऐकले की डिझेलवाल्याचे कान टवकारतातच. अमेरिकेतले ट्रकवाले आणि जुन्या मर्सिडीज सांभाळणारे हौशी लोक फार आधीपासून हा उद्योग करत आले आहेत. नवा डिझेल फिल्टर बसवताना तो लाल तेलानं भरायचा आणि इंजिन थोडा वेळ त्यावर चालू ठेवायचं, ही त्यांची रीत. आपल्याकडं मात्र थेट टाकीत बाटली उपडी करतात.

तोडगा अगदीच वेडगळ नाही. इंजिनाच्या डिझेल पंपाला आतून वंगण देतं ते डिझेलच. इनलाइन पंपात खालच्या कॅमला ऑइल मिळतं, पण वरच्या एलिमेंटला, म्हणजे प्लंजर-बॅरलला, डिझेलचाच काय तो ओलावा. रोटरी पंप तर पूर्ण डिझेलवर अवलंबून. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला तर प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. चांगला एलिमेंट डिझेलमध्ये बुडवून, उभा धरून, प्लंजर थोडा वर ओढून सोडला की तो आपल्याच वजनानं सावकाश खाली उतरतो. झिजलेला असेल तर खटकन पडतो. उजेडात धरला की त्यावर बारीक उभ्या रेघा दिसतात आणि नख फिरवलं तर नखाला लागतात. असा प्लंजर गिऱ्हाइकाच्या हातात दिला की पुढं समजावून सांगावं लागत नाही.

या रेघा पडतात त्या घाणीनं, नाहीतर कोरड्या डिझेलनं. कोरडं व्हायचं मुख्य कारण आमच्याकडं एकेकाळी रॉकेल होतं. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, त्यामुळं दोन्ही एका टाकीत जायची. शेतकऱ्याची भेसळ कॅनभर, धंदेवाल्यांची टँकरभर. हा धंदा किती माजला होता ते 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. इंधन भेसळीवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथं जिवंत जाळलं गेलं. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, त्यात वंगण कमी, आणि दाबाखाली ते फटीतून निसटतं. अशा डिझेलमध्ये लाल तेल घालणारा मिस्त्री निदान पंप तरी वाचवत होता. त्याला मी नावं ठेवणार नाही.

दुसरं कारण रिफायनरीतलं. डिझेलमधला गंधक कमी करत गेले तसं वंगण गेलं, असं गॅरेजात सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. गंधक स्वतः वंगण नव्हे. तो काढायला हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात तिच्यात धातूला चिकटून राहणारी काही नैसर्गिक द्रव्यंही निघून जातात. स्वीडननं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अगदी कमी गंधकाचं डिझेल आणलं, तेव्हा तिथं पंप लवकर झिजायला लागले. तिथून जग शहाणं झालं आणि असं डिझेल बाजारात यायच्या आधीच त्यात वंगणाचं रसायन मिसळायला लागलं. आपल्याकडं 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आहे. गंधक दहा लाख भागांत 10. त्याआधी तो 50 होता, त्याच्याही आधी 350. पण हेच डिझेल वंगणाच्या परीक्षेतही पास व्हावं लागतं. 6 मिलिमीटरची पोलादी गोळी 60 अंशांच्या डिझेलमध्ये बुडवून धातूच्या चकतीवर सेकंदाला 50 वेळा, अशी 75 मिनिटं घासतात. मग गोळीवर पडलेला झिजेचा चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तो 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही.

आता प्रमाण बघा. रिफायनरीतलं हे रसायन दहा लाख भागांत साधारण शंभर-दोनशे भाग लागतं. 40 लिटरच्या टाकीला हिशेब केला तर 4 ते 8 मिलिलिटर, म्हणजे चमचा-दीड चमचा. ते पेट्रोल पंपावरच्या डिझेलमध्ये आधीच आहे. त्यावर आपण अर्धा लिटर लाल तेल ओततो, तेही डिझेलच्या कितीतरी जास्त भावाचं.

गेल्या हंगामात शेजारच्या गावचा एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. मळणीयंत्राला लावला की दम टाकायचा.

"काका, लाल तेल टाकलं तरी मिसिंग मारतंय."

"फिल्टर कधी बदलला?"

"फिल्टर? ते काहून बदलायचं, चालू तर हाय."

फिल्टरखालचा बोल्ट सैल करून काचेच्या बरणीत डिझेल धरलं. वर लालसर थर, खाली गढूळ पाणी, तळाला गाळ. नोझल काढून टेस्टरवर लावले. दांडा दाबला की चांगलं नोझल करकर आवाज करत धुक्यासारखा फवारा मारतं आणि टोक कोरडं राहतं. याचं एक नोझल दाब यायच्या आधीच थेंब सोडत होतं. थेंब पडला की तो नीट जळत नाही, त्याचाच काळा धूर होतो. टोकावर काजळी कडक होऊन बसली होती, ज्वालेशेजारी भाजून निघालेली. गिअरमधली घाण धरून ठेवायला केलेलं तेल तिथं काय करणार? उलट त्यातली घाण धरणारी रसायनं पाण्याचे बारीक थेंब डिझेलमध्ये तरंगत ठेवतात. खाली बसायचं पाणी मग फिल्टरमध्ये नीट वेगळं होत नाही आणि पुढं पंपात जातं. नोझल साफ करून 200 किलो दाबाला सेट केलं, नवा फिल्टर लावला, एअर काढली. धूर गेला.

हेच काम दुसऱ्या गॅरेजात लाल तेलासकट झालं असतं, तर श्रेय लाल तेलाला गेलं असतं. माझ्या मते या तोडग्याची निम्मी कीर्ती अशीच जमा झाली आहे. आवाज मऊ झाल्याचं सांगणाऱ्यांनीही त्याच दिवशी फिल्टर बदललेला असतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरचं यात फार वाकडं होत नाही, पैसे तेवढे जातात. खरी भीती नव्या गाड्यांची. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही नवे प्रदूषण नियम लागू झाले. बीएस-6 जीप, पिकअप तर दारोदार आहेत. कॉमन रेल असेल तिथं दाब 200 किलोचा नाही, सोळाशे-दोन हजारांचा आणि इंजेक्टर कॉम्प्युटरच्या हुकमावर उघडतो. मागं सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. काजळी अडकली तर गाडी ती जाळून टाकते. पण लाल तेलात फॉस्फरस, कॅल्शियम असतं, त्याची राख होते आणि राख जळत नाही. ती जाळीत साचत जाते. जाळी बदलायची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. वॉरंटीतल्या गाडीच्या टाकीत असलं काही सापडलं, तर कंपनीच्या माणसाशी भांडायला तोंड उरत नाही, ते वेगळंच.

त्या पोराच्या डिझेलचा ड्रम गोठ्यामागं उघड्यावर उभा होता. पाऊस-दव सगळं त्याच्या झाकणावर साचायचं आणि बुचातून आत उतरायचं. त्याला सांगितलं, ड्रम आडवा, किंचित कलता ठेव, बुच घट्ट लाव. भरल्यावर रात्रभर हलवू नकोस. पाइप तळाला लावू नकोस आणि शेवटचे दोन-चार लिटर ट्रॅक्टरला घालूच नकोस. कॅनमधून ओतताना बारीक जाळीचं नरसाळं वापर. फिल्टरखालचा बोल्ट आठवड्यातून एकदा सैल करून पाणी दिसतं का बघ.

"आन् लाल तेल?"

"स्टेअरिंगची टाकी उघडून बघ. तिथलं काळं पडलंय."