सीलबंद खोक्यातला दोष कोणाच्या माथी?

दुकानात पंखा घ्यायला गेले की दुकानदार तो खोक्यातून काढतो, वायर जोडतो आणि फिरवून दाखवतो. मिक्सर असला तर भांडे बसवून क्षणभर चालवतो. बल्ब लावून पाहिल्याखेरीज त्याचे पैसे कोणी देत नाही. कष्टकऱ्याचा पैसा घामाचा असतो, म्हणून वस्तू ठोकून-वाजवून पाहिल्याशिवाय त्याचा हात खिशात जात नाही. ही रीत बापजाद्यांपासून चालत आलेली आहे. आता मात्र मोबाईलवर चित्र पाहायचे, बोटाने दाबायचे, पैसे आधी द्यायचे आणि चार दिवसांनी दारात आलेले चिकटपट्टीचे खोके ताब्यात घ्यायचे, असा व्यवहार झाला आहे. वस्तू नवी, खोके सीलबंद. ते उघडल्यावर आतली वस्तूच बंद निघाली, तर जबाबदार कोण?

हा प्रश्न श्रीमंतांच्या चैनीचा नाही. शिलाई मशीन, मुलांच्या अभ्यासाचा मोबाईल, कुकर, गॅसची शेगडी या वस्तू आज आपल्या घरांतून ऑनलाईन मागवल्या जातात. त्यातल्या कित्येक हप्त्यांवर येतात. वस्तू बंद पडली तरी हप्ता बंद पडत नाही. म्हणून या विषयातला कायदा प्रत्येक घराला ठाऊक असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तीन दारे, तीन उत्तरे

आमच्या वस्तीत धुणीभांडी करून संसार चालवणाऱ्या एका भगिनीने बारावीतल्या मुलीसाठी साडेदहा हजारांचा मोबाईल सहा हप्त्यांवर मागवला. खोके उघडले तर फोन सुरूच होईना. रात्रभर चार्जिंगला लावला तरी पडदा काळाच. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले, "आम्ही खोके उघडतच नाही. कंपनीकडून जसे येते तसे पाठवतो. तुम्ही कंपनीकडे जा." ज्या ऑनलाईन बाजारातून फोन घेतला होता तेथून सांगण्यात आले, "आम्ही फक्त जागा देतो, माल आमचा नाही." सर्व्हिस सेंटरने फोन उघडून शेरा मारला, "आत पाणी गेले आहे, वॉरंटीत बसत नाही." तीन दारे झाली, तिन्ही बंद. दोन दिवसांची रोजी बुडाली ती वेगळीच.

सुदैवाने खोके उघडताना शेजारच्या मुलाने मोबाईलवर चित्रण केले होते. सील कापल्यापासून फोन सुरू होत नाही इथपर्यंतचे ते सलग चित्रण होते. आम्ही बसून एक साधा अर्ज लिहिला. त्यात एवढेच विचारले की, सील अखंड होते आणि सील कापल्यावर फोन एकदाही सुरू झाला नाही, मग पाणी गेलेच असेल तर ते सील लागण्यापूर्वी गेले असले पाहिजे. ते आमच्या नळाचे कसे? अर्ज विक्रेत्याच्या आणि त्या ऑनलाईन बाजाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पाठवला, सोबत कायद्याचे नियम लिहिले. सव्वा महिन्याने सगळे पैसे परत आले. या अर्जात आम्ही ज्या नियमांचा आधार घेतला, ते येथे देत आहोत.

"आम्ही खोके उघडले नाही" हे उत्तर चालते का?

विक्रेत्याचे म्हणणे वरवर खरे वाटते. त्याने दोष निर्माण केला नाही, त्याला तो दिसलाही नाही. पण कायदा वेगळे सांगतो. आपल्या देशात १९३० सालचा मालविक्री अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे, जो माणूस विशिष्ट प्रकारच्या मालाचा व्यापार करतो त्याच्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट व्यवहारात आपोआप धरली जाते. ती कोठे लिहिलेली असावी लागत नाही. विक्रेत्याला दोष माहीत होता की नव्हता, असा प्रश्न हे कलम विचारीत नाही. ऑनलाईन खरेदी ही तर पूर्णपणे वर्णनावरची खरेदी आहे. चित्र आणि मजकूर यांपलीकडे ग्राहकाच्या हाती काहीच नसते.

याच कलमात एक अपवाद आहे. ग्राहकाने वस्तू आधी तपासली असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल त्याला नंतर तक्रार करता येत नाही. म्हणजे दुकानात उभे राहून फुटका आरसा घेतला तर ती आपली चूक. पण सीलबंद खोक्याच्या आत कोण डोकावणार? आणि कलम ४१ सांगते की, आधी न पाहिलेला माल हाती आला, तर तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानले जात नाही. तेव्हा "तुम्ही सही करून खोके घेतले, आता आमचा संबंध संपला" हे बोलणे टिकत नाही. मात्र वस्तू महिनोन्‌महिने कपाटात ठेवून मग तक्रार केली, तर बाजू लंगडी पडते. खोके आले की लगेच उघडावे, हेच बरे.

बनवणाराही सुटत नाही

विक्रेत्याला खोक्यातले दिसत नाही, ही अडचण जुनी आहे. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेस्ली गावी एका बाईने उपाहारगृहात आल्याचे पेय घेतले. बाटली गडद रंगाची होती, आतले दिसत नव्हते. उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, अशी तिची फिर्याद होती. पेयाचे पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणून या बाईचा उपाहारगृहाशी करारच नव्हता. १९३२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की, मध्ये कोणी तपासू शकणार नाही अशा बंद स्थितीत जो माल बाजारात पाठवतो, त्या उत्पादकावर शेवटच्या वापरणाऱ्याबद्दल काळजी घेण्याचे कर्तव्य आहे.

या निर्णयाने एक जबाबदार माणूस वाढवला. विक्रेत्याला त्याने मोकळे केले नाही. आपल्याकडचे विक्रेते मात्र "कंपनीकडे जा" म्हणताना नेमका उलटा अर्थ लावतात. कंपनीची वॉरंटी हा ग्राहकाचा जादा हक्क आहे. पैसे ज्याने घेतले त्याची जबाबदारी त्याने पुसली जात नाही. विक्रेत्याने ग्राहकाचे पैसे द्यावेत आणि आपले पैसे पुढे घाऊक व्यापाऱ्याकडून किंवा कंपनीकडून वसूल करावेत. मोठ्या व्यापारातला हा हिशेब धुणीभांडी करणाऱ्या बाईने का सोडवावा?

आजचा कायदा काय देतो?

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला. तो जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याच महिन्यात ऑनलाईन व्यापारासाठी वेगळे नियमही आले. त्यांतील आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा आहेत.

ऑनलाईन बाजारात विकणाऱ्या कोणत्याही विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास व त्याचे पैसे देण्यास नकार देता येत नाही. "ही वस्तू परत घेतली जात नाही" असे पानावर छापले असले तरी सदोष मालाला ते लागू पडत नाही. रंग आवडला नाही, मन बदलले, ही गोष्ट वेगळी. तेथे विक्रेत्याच्या अटी चालतात.

ऑनलाईन बाजाराने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक दाखवला पाहिजे. तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे.

वस्तू मुलाच्या खात्यावरून घेतली आणि आई वापरते, तरी आई कायद्याने ग्राहकच आहे. हप्त्यांवर घेणाराही ग्राहक आहे. पोटासाठी स्वतः शिलाई करणाऱ्या भगिनीने घेतलेले मशीन "धंद्याचे" म्हणून तिला कायद्याबाहेर काढता येत नाही.

दोषामुळे इजा झाली, कुकर फुटून हात भाजला, तर नुकसानभरपाईची वेगळी तरतूद आहे. ती प्रथम उत्पादकावर येते. विक्रेत्याने मालात फेरफार केला असेल, स्वतःची वेगळी हमी दिली असेल, तपासणीत हयगय केली असेल किंवा उत्पादकाचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर ती विक्रेत्यावरही येते. निनावी स्वस्त माल विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि ऑनलाईन बाजार? "आम्ही फक्त जागा देतो" हे त्यांचे नेहमीचे उत्तर. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनवरून विकल्या गेलेल्या २,२६५ प्रेशर कुकरांबाबत आदेश काढला. हे कुकर सक्तीच्या मानकांप्रमाणे नव्हते. एक लाख रुपये दंड, ग्राहकांना सूचना, कुकर परत घेणे आणि पैसे देणे, असा तो आदेश होता. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांबाबत तसाच आदेश झाला. ही प्रकरणे पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेली. परंतु विक्रीतून कमाई करणाऱ्या बाजाराला विचारणारे कोणी आहे, एवढे त्यातून दिसले.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, खोके उघडताना सलग चित्रण करावे. पत्त्याची चिठ्ठी, सील, वस्तूवरचा क्रमांक आणि वस्तू प्रथम चालू करणे, हे सर्व त्यात यावे. चित्रण नसेल तर हक्क जातो असे मुळीच नाही. कायद्यात तशी अट नाही. पण पुरावा हाती असला की बोलणे थोडक्यात आटोपते.

दुसरी, बिल, खोके आणि आतले कागद टाकून देऊ नयेत. सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यास तारखेसह जॉबशीट घ्यावी आणि तोंडी शेरा मानू नये.

तिसरी, तक्रार लेखी करावी आणि क्रमांक जपून ठेवावा. ग्राहकसेवेचा फोन नंबर कोठूनही शोधून लावू नये, कारण तेथे ठग बसलेले असतात. बाजाराच्या अधिकृत ॲपमधूनच संपर्क करावा. पैसे परत घेण्यासाठी कधीही पिन द्यावा लागत नाही.

चौथी, दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. तेथे मराठीतूनही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. वस्तू दिल्लीहून आली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते. तक्रारीत विक्रेता, उत्पादक आणि ऑनलाईन बाजार या तिघांनाही सामनेवाले करावे. एकालाच धरले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होऊ पाहतो. तिघेही एका टेबलासमोर उभे राहिले की बोटे दाखवायला कोणी उरत नाही.

पाचवी, वाद चालू असताना हप्ते परस्पर बंद करू नयेत. कर्ज देणारी संस्था वेगळी असते आणि थकबाकीचा डाग आपल्या नावावर बसतो. तिलाही लेखी कळवून ठेवावे.

शेवटी एक गोष्ट आपल्या तरुणांसाठी. आपल्यातली काही मुले-मुली आता घरबसल्या कपडे, चपला, मोबाईलचे सुटे भाग ऑनलाईन विकू लागली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. हे नियम त्यांनाही लागू आहेत. घाऊक माल घेताना पक्के बिल घ्या, बनवणाऱ्याचा पत्ता ठेवा, सदोष माल परत घेण्याची लेखी कबुली घ्या, आणि ज्यावर कोणाचेच नाव नाही असा माल विकू नका. खोके आपण उघडले नसेल, पण पैसे आपण मोजून घेतलेले असतात. समोरच्या घरातही तो पैसा आपल्या घरातल्यासारखाच घाम गाळून आलेला असतो.