पल्ला 800 मीटर, वेळ 60 सेकंद

मुंबई अग्निशमन दलाने 2025 साली गिरगाव आणि दादरसह सहा चौपाट्यांसाठी बॅटरीवरची बचाव-यंत्रं आणली. ती किनाऱ्यावरून रिमोटने चालवायची. भार 200 किलो, वेग ताशी 18 किलोमीटर, पल्ला 800 मीटर. आकडे तसे मामुलीच वाटतात. ताशी 18 तर परळच्या पुलाखालची कोंडी सुटली की बेस्टची बसही जाते.

पाण्यात मात्र हिशेब पार बदलतो. समुद्राचं पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक घन. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानलने 100 मीटर 46.40 सेकंदांत कापून विश्वविक्रम केला, त्याचा वेग भरतो ताशी पावणेआठ किलोमीटर. तोही तरणतलावात, जिथे ना लाट ना ओढ. यंत्र त्याच्या दुपटीहून वेगवान आहे, आणि पाण्यात वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते.

भाराचं गणित त्याहून गमतीचं. जहाजावरच्या नारिंगी रिंगेने गोड्या पाण्यात 14.5 किलो लोखंड 24 तास तोलून धरलं, की ती आंतरराष्ट्रीय नियमात बसते. बस, एवढंच! माणूस मुळात जवळजवळ तरंगतोच. डोकं वर ठेवायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. म्हणजे 200 किलोंत कागदावर चाळीस डोकी, प्रत्यक्षात धरायला जागा मिळेल तेवढीच.

किलोभर पेट्रोलमध्ये साधारण 12 युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम पाव युनिट. इतकी तफावत असूनही इथे बॅटरीच बरी. पाच मिनिटांच्या धावपळीला टाकीभर इंधन कशाला? बटण दाबताच यंत्र सुटलं पाहिजे, इंजिनाची दोरी ओढत बसायला वेळ कुणाला आहे?

समोर समुद्र केवढा, ते 7 सप्टेंबर 2025ला गिरगावात दिसलं. 4.42 मीटरच्या भरतीने विसर्जनाला आलेल्या लालबागच्या राजाला तासन्‌तास ताटकळत ठेवलं. नवा यांत्रिक तराफाही हतबल. अशा उधाणात मधल्या दोन तासांत पाणी तासाला जवळपास मीटरभर चढतं. यंत्राला 800 मीटर गाठायला 2 मिनिटं 40 सेकंद लागतात. तेवढ्यात समुद्र दोन बोटं वर आलेला असतो.

आणि बुडणाऱ्याकडे सहसा 20 ते 60 सेकंदच असतात. तो ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर आणि दोन्ही हात बाजूंनी पाणी खाली दाबत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मजेत डुंबतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात तासाला 30 जण असे जातात.

साठ सेकंदांतले वीस जीवरक्षकाला हे ओळखण्यात गेले आणि वीस यंत्र पाण्यापर्यंत नेण्यात, तर उरलेल्या विसात ते 100 मीटर जातं. पल्ल्याच्या आकड्यावर मी म्हणूनच फारसा भाळत नाही. तेच यंत्र चार्ज करून, तोंड समुद्राकडे, पाण्याच्या कडेला ठेवलेलं असलं आणि पंधरा सेकंद वाचले, तर आणखी 75 मीटर मिळतात.