रेंज गेली तरी गाणं राहतं

हातात मोबाइल असताना गाण्यांसाठी वेगळं यंत्र कशाला, असं हल्ली कुणीही विचारतं. मी म्हणते, एकदा महाडहून एसटीत बसा आणि पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाला लागा. वळणं सुरू झाली की रेंज जाते-येते आणि इंटरनेटवरून चाललेलं गाणं मध्येच अडतं. वाड्यावस्त्यांवर पावसात वीज गेली, की मोबाइलची बॅटरी फोन करण्यापुरती जपावी लागते. ती गाण्यांवर कोण घालवणार? अशा वेळी तळहाताएवढा एमपीथ्री प्लेअर कामाला येतो. त्याला रेंज नको, रिचार्ज नको, आणि गाणं रंगात आलं असताना कुणाचा फोनही येत नाही.

२००१ साली पहिला आयपॉड आला, तेव्हा त्याच्या ५ जीबीत हजारभर गाणी मावत. मे २०२२ मध्ये कंपनीने आयपॉड बंद केला. तरी बटणांचे साधे प्लेअर आजही मिळतात. ज्यांना स्वतः गाणी भरायची दगदग नको, त्यांच्यासाठी २०१७ साली आलेला सारेगामाचा 'कारवां' आहे. त्यात पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली असतात, मराठी गाण्यांचाही वेगळा मिळतो. पण आपल्याला हवी तीच गाणी, हव्या त्या क्रमाने ऐकायची असतील, तर साधा प्लेअरच बरा.

घेताना काय बघाल?

पहिली गोष्ट बटणं. घरातल्या आजींसाठी घेत असाल तर टचस्क्रीनच्या वाटेला जाऊच नका. पिठाच्या हाताने, न बघता दाबता येतील अशी ठसठशीत बटणं हवीत. दुसरी गोष्ट मेमरी कार्डाची खाच. साध्या प्रतीच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीचं, आणि १६ जीबीच्या कार्डात तीनेक हजार गाणी सहज बसतात. एवढी तर वर्षभर पुरतील! तेव्हा प्रचंड साठ्याचं कार्ड फारच स्वस्तात मिळत असेल तर सावध राहा, नकली कार्डं पुष्कळ फिरतात. नवं कार्ड एकदा पूर्ण भरायचं आणि शेवटचं गाणं नीट वाजतं का बघायचं. प्लेअर किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, तेही दुकानदाराला विचारून घ्या.

चार्जिंगची पिन मोबाइलचीच चालेल अशी असावी, नाहीतर ती एक वायर हरवली की यंत्र कपाटात जातं. रेडिओ असेल तर चांगलंच, पण बहुतेक प्लेअरमध्ये इअरफोनची वायरच एरियलचं काम करते. वायर न लावता स्टेशन लागलं नाही म्हणून यंत्र बिघडलं समजू नका. डोंगराआड रेडिओ लागेलच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

गाणी भरताना अभंग, भावगीतं, लग्नाची गाणी असे वेगवेगळे फोल्डर करा. काही स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून नावांआधी आकडे घाला. 'तीन नंबरात हरिपाठ' एवढं आजींच्या लक्षात राहतं.

आता कानांचं. एसटीच्या खडखडाटात आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलपर्यंतचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तोच ९० डेसिबलवर गेला की मर्यादा चार तासांवर येते! त्यामुळे कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज कमी येतो आणि गाणं हळू ठेवलं तरी ऐकू येतं. हायवेच्या कडेने चालताना मात्र इअरफोन काढूनच ठेवा.

आपल्याकडचा पावसाळा यंत्रांचा वैरीच. प्लेअर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि नव्या चपलांच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी त्यात टाका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, रिकामी ठेवू नका.

आवाज साठवायचा तर...

माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे. प्लेअर घेताना त्यात माइक आणि रेकॉर्डिंगची सोय आहे ना, ते जरूर बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या आमच्या घरातही पाणी शिरलं. भांडी घासून घेतली, गाद्या टाकून दिल्या. पण मामंजींच्या शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटी चिखलात गेल्या, त्या गेल्याच. मामंजी त्याआधीच गेले होते. त्यांचा आवाज आता कुठेच नाही.

सासूबाई पोलादपूरकडच्या गावी असतात, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांच्या ओव्या तरी राहाव्यात म्हणून मी प्लेअर घेऊन बसले. "जातं न्हाय तर ववी कुठनं येनार?" म्हणाल्या. माळ्यावरचं जातं खाली काढलं, मूठभर तांदूळ घातले, खुंटा हातात आला आणि एकामागून एक ओव्या येत गेल्या. मध्येच मामंजींच्या नावाची ओवी आली. तिथे जातं थांबलं, आम्ही दोघीही गप्प बसलो. ती शांतताही मी पुसलेली नाही.

हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पण आपल्या घरातल्या ओव्या गोळा करायला आपणच हवं ना? आधी त्यांना विचारा, आवाज भरू का म्हणून. पंखा बंद करा, प्लेअर जात्यापासून दूर आणि तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला नाव, माहेर, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला कळायला हवं की हा आवाज कुणाचा.

आणि भरलेला आवाज एकाच जागी ठेवू नका. आमची एक प्रत महाडला, एक गावी डोंगरावर आणि एक मुंबईला नणंदेकडे आहे. सावित्रीचं पाणी कितीही चढलं तरी तिन्ही ठिकाणी एकदम पोचणार नाही. तुमच्याकडे आजी असतील, तर हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.