पंचकुला : १,९९७ मतांची गोष्ट

चंडीगडला खेटून असलेला हरियाणातला पंचकुला मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ साली पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला. तेव्हा जागा काँग्रेसकडे गेली. २०१४ च्या मोदी लाटेत चंडीगडचे माजी महापौर, भाजपचे ज्ञानचंद गुप्ता येथून आमदार झाले.

खरी चुरस पुढची. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी, महाराष्ट्राने मतदान केले त्याच दिवशी, गुप्तांसमोर काँग्रेसचे चंद्रमोहन उभे होते. माजी मुख्यमंत्री भजनलाल यांचे हे थोरले चिरंजीव. शेजारच्या काल्काचे चार वेळा आमदार, माजी उपमुख्यमंत्री. तरीही ते ५,६३३ मतांनी पडले आणि गुप्ता विधानसभेचे अध्यक्ष झाले.

पाच वर्षांनी पुन्हा तीच जोडी. ८ ऑक्टोबर २०२४ ला मतमोजणी झाली, तेव्हा राज्यात भाजपने सलग तिसऱ्यांदा सत्ता राखली. पंचकुलात मात्र चंद्रमोहन ६७,३९७, गुप्ता ६५,४००. विद्यमान अध्यक्षांना घरी बसवणारा हा फरक दोन हजारांचाही नाही. ‘माझ्या एका मताने काय होणार’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा जरूर दाखवा.